राखणदाराची राखण

आपल्या रत्नागिरीच्या बाजूला घर म्हटले, की पुढे खळे, मागे परसू आणि पायरीवर मुटकुळे करून पडलेला कुत्रा हे ठरलेलेच. कलमांवर वानर उतरले, की आधी धावतो तो. रात्री गडग्यापलीकडे काही खसफसले, की आधी भुंकतो तो. बिबट्या अंगणात आला, तर पहिला बळीही पुष्कळदा त्याचाच. असा हा आपला राखणदार. पण त्याची राखण कोणी करायची? विशेषतः नसबंदीची शस्त्रक्रिया होऊन तो घरी येतो, तेव्हा पुढचे दहा-चौदा दिवस त्याला कसे सांभाळायचे, हेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मी काही गुरांचा डॉक्टर नव्हे. मुलांना शिकवण्यात जन्म गेला. तेव्हा डॉक्टरांकडून ऐकलेले आणि स्वतः चुकून शिकलेले, एवढेच माझ्यापाशी आहे.

आमच्या घरी काळी नावाची कुत्री होती. तिला दर खेपेला पाच-सहा पिल्ले होत. नर असले तर कोणीतरी मागून नेई, माद्यांना मात्र गिऱ्हाईक नसे. मग काय करायचे? सगळे गाव करते तेच मीही केले. गड्याला म्हटलं, "कुठंतरी लांब सोडून ये." कुठे ते विचारले नाही. दोन दिवसांनी चौथीतला एक मुलगा भिजलेले पिल्लू सदऱ्यात धरून वर्गात आला. म्हणाला, "गुरुजी, साकवाजवळ गोणीत होतं. बाकीची हलत नाहीत." साऱ्या वर्गाने माझ्याकडे पाहिले, कारण भूतदयेचा धडा मीच त्यांना आदल्या आठवड्यात शिकवला होता. ती गोणी आमच्याच घरची होती.

ते पिल्लू मी घरी नेले, आणि त्याचे दूध सुटल्यावर काळीला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बैल खच्ची करतात, ते शेतकऱ्याला नवे नाही. कुत्र्याच्या बाबतीत त्याला भूल देऊन त्याचे वृषण काढतात. कुत्रीच्या बाबतीत पोटावर छेद घेऊन अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. म्हणजे कुत्रीचे काम मोठे, पोट उघडण्याचे. बाहेर दिसते ती बोटभर जखम, पण आतही टाके असतात. बाहेरची कातडी लवकर जुळते, आतले मागाहून जुळते. ही एक गोष्ट मनात पक्की धरली, की पुढची सगळी पथ्ये आपोआप समजतात.

मला ती समजली नव्हती. पाचव्या दिवशी काळी शेपूट हलवू लागली, पोटभर जेवली, दोरी ओढू लागली. मला वाटले, झाली बरी. दोरी सोडली. त्याच क्षणी कलमात वानर उतरले, आणि काळीने गडग्यावरून उडी घेतली. परत आली तेव्हा पोटाखालून रक्त ठिबकत होते. टाके उसवले होते. पुन्हा भूल, पुन्हा टाके, पुन्हा पहिल्यापासून पथ्य. डॉक्टर एवढेच म्हणाले, "गुरुजी, जनावर बरं दिसतं आणि बरं होतं, यात आठवडाभराचं अंतर असतं." हे वाक्य मी तेव्हापासून विसरलो नाही.

तर आता क्रमाने सांगतो.

पहिला दिवस भुलीचा. कुत्रे झिंगल्यासारखे चालते, कण्हते, कधी ओळख विसरल्यासारखे करते. त्याला ओटीवर किंवा पडवीच्या कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशा कोरड्या जागी निजवावे. खाली गोणपाट, वर धुतलेली जुनी चादर. भुलीने अंग गार पडते, म्हणून रात्री पांघरूण घालावे. जिना, विहीर, उंच जोते यांपासून दूर ठेवावे. पुरते शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नये, कारण घास किंवा पाणी श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. नीट उभे राहू लागले, की थोडे पाणी द्यावे. ते पोटात टिकले, तर रात्री नेहमीच्या निम्म्याहून कमी, मऊ भात किंवा पेज द्यावी. मसाल्याचे कालवण नको, आणि मासळीचे काटे तर मुळीच नकोत. दुसऱ्या दिवशी जेवण बहुधा सुरळीत होते.

या काळात मुलांना त्याच्या अंगाशी जाऊ देऊ नका. दुखण्यातले जनावर मालकालाही चावते. तो त्याचा दुष्टपणा नव्हे, वेदना आहे.

त्यानंतरचे दहा ते चौदा दिवस विश्रांतीचे. धावणे नाही, उड्या नाहीत, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती नाही. शौचाला न्यायचे तेही दोरी धरून, आणि लगेच परत. कलमांची राखण या काळात दुसऱ्या कोणी करावी.

जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. हात साबणाने धुऊन, उजेडात नीट पाहावी, पण बोटे लावू नयेत. कडा थोड्या लाल असणे, किंचित सूज असणे हे पहिल्या काही दिवसांत चालते. कोरडी जखम ही चांगली जखम. म्हणून टाके निघेपर्यंत अंघोळ नाही, समुद्र नाही, वहाळ नाही.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रे स्वतःच चाटून जखम बरी करते, असे वाडवडील सांगत आले. मीही तसेच मानत होतो. पण त्याच्या जिभेवर आणि तोंडात जंतू पुष्कळ असतात, आणि खरखरीत जिभेने टाका सैल होतो. म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालतात. ती मिळत नसेल, तर डॉक्टरांना विचारून जुन्या सदऱ्याचे आंगडे शिवून पोटाला घालता येते. ते रोज बदलावे आणि उन्हात वाळवावे. कॉलर घातलेले कुत्रे दोन दिवस रुसून बसते, भांड्याला अडखळते. दया येऊन ती काढू नका. फार तर जेवणापुरती काढावी, आणि तेवढा वेळ समोर बसावे.

घरगुती उपायांचेही तसेच. हळद, राख, चुन्याचे पाणी, रॉकेल, फिनेल यांतले काहीही जखमेवर घालू नये. फिनेल कुत्र्याच्या कातडीतून आणि चाटण्यातून अंगात भिनते, ते विषच आहे. ताप किंवा दुखणे वाटले म्हणून घरातली माणसाची गोळीही देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. औषध डॉक्टर देतील तेच, आणि सांगतील तितके दिवस.

आपल्याकडचा मोठा वैरी म्हणजे पावसाळी दमट हवा आणि माशी. ओल्या जखमेवर माशी बसली, की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून जागा रोज झाडावी, पांघरूण वाळवावे, गोठ्याशेजारी कुत्र्याला बांधू नये. सोय असेल तर शस्त्रक्रियेसाठी माघ-फाल्गुनाचे कोरडे दिवस निवडावेत. भाद्रपदात कुत्र्यांचा माजाचा काळ, आणि कुत्री माजावर असताना रक्तस्राव अधिक होतो, म्हणून डॉक्टरही बहुधा थांबायला सांगतात.

आता थांबायचे नाही, धावत दवाखाना गाठायचा, अशी लक्षणे ऐका. जखमेतून रक्त ठिबकत राहणे. पू किंवा दुर्गंधी येणे. टाके उसवणे, जखमेतून काही बाहेर डोकावणे. हिरड्या पांढऱ्याफटक पडणे. सारख्या ओकाऱ्या. पोट फुगणे. दुसरा दिवस उलटला तरी अन्नाला तोंड न लावणे, लघवी न होणे. नराच्या बाबतीत पिशवी थोडी सुजते, पण सूज वाढत जाऊन कडक झाली तर दाखवावे. यांतले काही दिसले, तर उद्यावर टाकू नका.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. काही टाके आपोआप विरघळतात, तरी जखम एकदा दाखवून यावी. नराविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. तेवढे दिवस त्याला माद्यांपासून दूर ठेवावे.

"नसबंदी केली की कुत्रा मऊ पडतो, राखण करीत नाही," ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली. तसे होत नाही. आपले अंगण, आपली माणसे राखणे हे त्याच्या स्वभावात असते, ते शस्त्रक्रियेने जात नाही. उलट माजाच्या दिवसांत गावभर भटकणे आणि मारामाऱ्या कमी होतात. कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचे जीवघेणे दुखणे टळते. मात्र त्यानंतर भूक तशीच राहते आणि अंगाची गरज कमी होते, म्हणून लठ्ठ होऊ नये यासाठी भाताचा घास थोडा आवरावा.

श्रोतेहो, हा प्रश्न एका घराचा नाही. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मोठा दंगा झाला होता. त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ मारण्याचाच मार्ग चालू राहिला, आणि कुत्री काही संपली नाहीत. २००१ साली केंद्र सरकारने नसबंदी आणि लसीकरण यांचे नियम केले, २०२३ साली ते नव्याने आले. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाचा कोपरा कापलेला दिसला, तर त्याची नसबंदी झाली आहे अशी ती खूण. शेजारच्या गोव्याने कुत्र्यांचे लसीकरण घरोघर नेले आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवले. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून नसबंदीच्या वेळी रेबीजची लस झाली आहे ना, हेही विचारून घ्या, आणि पुढे दर वर्षी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा ती द्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची, घरी लगेच सांगायचे आणि इंजेक्शनाला जायचे, हे मुलांकडून पाठ करून घ्या. आणि ज्याच्या घरचे कुत्रे शस्त्रक्रियेतून आले असेल, त्या मुलाला रोज वर्गात दोन वाक्यांत जखमेची खबर सांगू द्या. आमच्या वर्गात तसे चालले होते. "आज लाली कमी आहे, गुरुजी," असे चौदाव्या दिवसापर्यंत सांगणारा तोच मुलगा होता, ज्याने साकवाजवळची गोणी उघडली होती. तो रोज शाळा सुटल्यावर काळीला पाहायला येई. भूतदयेचा धडा मी पुस्तकातून शिकवला होता. त्याने तो मला खळ्यात बसून शिकवला.

काळी पुढे पुष्कळ वर्षे जगली. आमच्या घरून पुन्हा एकही गोणी बाहेर गेली नाही.