राखून ठेवलेला सूर

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं अमेरिकन जाझ म्हणजे नाचघरातला गोंगाट, सुचेल ते वाजवणं, असा समज आजही बराच आढळतो. लुई आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही एक तबकडी नीट ऐकली तरी तो टिकत नाही. २८ जून १९२८ रोजी शिकागोत ती ओके कंपनीसाठी मुद्रित झाली. मूळ चाल आर्मस्ट्राँगला हाताशी धरणाऱ्या किंग ऑलिव्हर यांची. या वादनाचं मोठेपण मला वेगात किंवा जोरात दिसत नाही. हाताशी असलेलं सगळं न उधळता राखून ठेवण्यात ते दिसतं.

सुरुवातीला ट्रंपेट एकटाच वाजतो. साथ नाही, ठेका नाही. चार ठाम, सुटे सूर येतात आणि मग स्वर झपाट्याने वर जाऊन वळणं घेत खाली उतरतो. जेमतेम बारा-तेरा सेकंदांत वादकाची सगळी ताकद आपल्याला कळते. पुढे संथ लयीत चाल सुरू होते. ब्लूजचं एक आवर्तन चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं असतं. आपल्या कानाला समेकडे परतण्याची सवय असल्याने ते लवकर पकडता येतं. ट्रोम्बोन होतो, क्लॅरिनेटला आर्मस्ट्राँगचा शब्दांवाचून गाणारा मऊ गळा उत्तर देतो, मग अर्ल हाइन्सचा झळझळीत पियानो येतो. शेवटच्या आवर्तनात ट्रंपेट परततो आणि एकच उंच सूर जवळजवळ चार खंड, म्हणजे आवर्तनाचा तिसरा हिस्सा, धरून ठेवतो. खाली लय चालूच असते. हा माणूस काय करू शकतो हे आपण आरंभीच ऐकलेलं असतं, म्हणून त्या थांबण्यात एवढा ताण भरतो. मग तो सूर फुटतो आणि एक छोटी फिरत पुन्हापुन्हा कोसळत येते. असा शेवट आरंभाचं भान ठेवल्याशिवाय बांधता येत नाही.

तीन मिनिटांच्या तबकडीत काय मावणार, असं कोणी म्हणेल. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तेवढ्याच लांबीच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या, त्यांना हा प्रश्न पडू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे संगीत वर्णभेदाच्या यातनेतून आलं, तर त्यातल्या बांधणीची चर्चा कशाला? आर्मस्ट्राँग १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत जन्मला आणि मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये कॉर्नेट शिकला. ते विसरून चालणार नाही. पण या वादनात केवळ दुःख ऐकणं म्हणजे त्याला कलावंत म्हणून पुन्हा नाकारणं आहे. तेव्हा ही तबकडी मिळवा आणि निदान दोनदा ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना बोटांवर खंड मोजा.