इटलीची ‘ग्रॅन तुरिस्मो’ आणि आपला मुलूख



आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळांच्या मनात आले असेल की, साताऱ्या-सांगलीच्या मंडळींना इटलीच्या श्रीमंती मोटारींशी काय कर्तव्य? त्या आपण कोणी विकत घेणार नाही, आणि घेतल्याच तर लावायच्या कोठे, हाही प्रश्नच आहे. परंतु आम्हांला आज मोटारींच्या किमती सांगावयाच्या नाहीत. त्या कोणाच्या हातांनी घडल्या आणि तसे हात आपल्याकडे असता काय घडले नाही, हे पाहावयाचे आहे.

‘ग्रॅन तुरिस्मो’ म्हणजे मोठा प्रवास. पूर्वी युरोपातील खानदानी घराण्यांतली तरुण मुले शिक्षण पुरे करण्यासाठी घोडागाडीतून इटलीपर्यंत जात; त्या प्रवासाचा वास या नावाला आहे. दोन माणसे, त्यांचे सामान, आणि सकाळी निघून शेकडो मैलांवर रात्री जेवायला पोहोचेल अशी वेगवान पण अंग न शिणवणारी गाडी, असा त्याचा अर्थ झाला. फेरारीची ‘२५० जीटी’ हे त्यातले गाजलेले नाव. यातला २५० हा आकडा वेगाचा नव्हे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचे आकारमान सुमारे २५० घनसेंटिमीटर. असे सिलिंडर बारा, म्हणजे सारे इंजिन तीन लिटरांचे. अशा गाडीला रस्ताही तसाच हवा. मिलानपासून नेपल्सपर्यंतचा मोटाररस्ता इटलीने १९६४ साली पुरा केला. आपल्याकडे त्या काळी खंबाटकी आणि पसरणीचे घाट चढताना गाडी तापली की बॉनेट उघडून, डबा घेऊन पाणी शोधीत बसावे लागे!

या गाड्यांचे इंजिन कारखान्यात होई, पण अंग पुष्कळदा दुसरीकडे घडे. तूरिन, मिलान, मोडेना या गावांत घोड्यांच्या बग्ग्या बांधण्याच्या परंपरेतून आलेल्या कार्यशाळा होत्या. तेथला कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा घेई, लाकडी ठोकळ्यावर किंवा वाळूच्या पिशवीवर ठेवून ठोकी, साच्याला लावून पाही, पुन्हा ठोकी. मिलानच्या ‘तूरिंग’ या कार्यशाळेची रीत अशी की, आत बारीक नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर पातळ पत्र्याची कातडी. गाडी हलकी होई आणि वळणाला डौल येई. आता आमचे म्हणणे असे की, या कामातले मर्म आपल्या तांबटआळीतल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. हंड्याचा गळा ठोकताना धातू कोठे ताणावा आणि कोठे दाटून आणावा, हे तो बापाच्या शेजारी बसून शिकलेला असतो.

हात जुना आणि काम नवे, याचा दाखला तर आपल्या मिरजेतच आहे. तलवारी-भाल्यांचे काम ओसरले तेव्हा शिकलगारांच्या घरांनी भोपळ्याला हात घातला, आणि एकोणिसाव्या शतकापासून मिरजेचा तंबोरा देशभर जाऊ लागला. कारण गाणे दारात आले होते. गिऱ्हाईक होते, आणि तेही कानाचे तिखट. तांबटाच्या दारात मोटार मागणारा कोणी आला नाही.

दुसरा दाखला नांगराचा. फेरुच्चो लांबोर्गिनी हा शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी गाड्यांच्या सामानातून त्याने ट्रॅक्टर करायला आरंभ केला आणि १९६३ साली मोटारींचा कारखाना काढला. त्याची ‘३५० जीटी’ १९६४ सालची. तिचे अंग याच ‘तूरिंग’ने घडविले होते. आता आपल्याकडे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. पुढे पंप आले, इंजिने आली. शेतीच्या अवजारातून यंत्रविद्येकडे जाण्याची वाट आपण लांबोर्गिनीच्या कितीतरी आधी चालू लागलो होतो, हे विसरू नये.

मग इटलीची मोटार आपल्याकडे आली ती कशी? १९४७ साली निघालेल्या सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजाला पुढे ज्यांचे नाव मिळाले, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांची प्रीमियर कंपनी १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जुळत, आणि पुढे फियाटशी करार झाला. १९५३ साली सरकारने ठरविले की, नुसती जुळणी करणाऱ्यांनी येथून जावे, भाग येथेच करणाऱ्यांनी राहावे. हे धोरण आम्हांला आजही योग्य वाटते. त्यामुळेच गावोगाव सुटे भाग करणारे लघुउद्योग वाढले. बिघडले ते पुढे. वर्षाला गाड्या किती काढायच्या हे परवान्याने ठरे, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे! जी वस्तू निघण्याआधीच विकली गेली आहे, ती सुधारण्याची तसदी कोण घेईल? फियाट ११००ची मालिका इटलीत १९६९ साली संपली. आपल्याकडे १९६४ची ‘डिलाइट’ पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली, आणि नावे बदलली तरी अंग बहुतांशी तेच राहिले.

त्या गाडीला आम्ही नावे ठेवणार नाही. स्टीअरिंगशेजारचा गिअर, मागचे पाट्यांचे स्प्रिंग आणि १०८९ घनसेंटिमीटरचे ते छोटे इंजिन कोणत्याही तालुक्याच्या गावी मिस्त्री डोळे मिटून उघडी. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून उतरली. मिलानची ‘तूरिंग’ कार्यशाळा मात्र मागणी आटल्यामुळे १९६६ सालीच बंद पडली होती. तिच्या ठोकलेल्या पत्र्यांच्या गाड्या आज संग्राहकांच्या घरी आहेत.