वंशसंहार कशाला म्हणावे?

किती माणसे मेली म्हणजे वंशसंहार, असा प्रश्न मनात पहिल्याने येतो. १९४८ च्या करारात मात्र आकडाच नाही. राष्ट्र, वंश, जमात वा धर्म यांवरून ओळखला जाणारा समूह, समूह म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू तिथे पाहतात. आता हेतू काय कोणी कागदावर लिहून ठेवतो? रवांडात १९९४ साली तुत्सींची कत्तल झाली. तिथल्या अकायेसू नावाच्या नगरप्रमुखाचा हेतू न्यायाधीशांनी त्याच्या भाषणांवरून आणि तुत्सींनाच वेचून मारले गेले यावरून ताडला. १९९८ साली त्याला दोषी ठरविले. तुत्सी स्त्रियांवरील बलात्कारही वंशसंहारातच धरले. राजकीय गट मात्र या व्याख्येत नाहीत. मसुद्यात होते, ते वगळले गेले. मला ही उणीव मोठी वाटते. निव्वळ राजकीय मतांपायी मारलेल्यांसाठी ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ हे दुसरे कलम शोधावे लागते.