सहस्रचंद्रदर्शन : सोहळा आणि त्यानंतरचे कर्तव्य



घरातील आजी वा आजोबा एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर आले की कुटुंबात सहस्रचंद्रदर्शनाचे वेध लागतात. साठीची षष्ट्यब्दपूर्ती आणि पंच्याहत्तरीचा अमृतमहोत्सव यांच्यानंतरचा हा टप्पा. त्यामागील गणना सोपी आहे. ऐंशी वर्षांच्या बारा महिन्यांप्रमाणे ९६० पौर्णिमा होतात. त्यांत अधिक मासांच्या सुमारे तीस मिळवायच्या. उरलेल्या दहा पुढील दहा महिन्यांत पूर्ण होतात. म्हणजेच ऐंशी वर्षे व सुमारे दहा महिन्यांनी मनुष्य एक सहस्र पूर्णचंद्रांचा साक्षी ठरतो.

या दिवशी अनेक घरी वयाइतक्या दिव्यांनी औक्षण होते, धान्याची, गुळाची वा पुस्तकांची तुला होते आणि ते सारे दान दिले जाते. या प्रथेला थोर परंपरा आहे. इ. स. १६६५ च्या जानेवारीत, सूर्यग्रहणाच्या पर्वावर, श्रीक्षेत्र महाबळेश्वर येथे छत्रपती शिवाजी महाराजांनी राजमाता जिजाऊंची आणि वयोवृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. मातेच्या बरोबरीने सेवकाच्या वार्धक्याचाही तेथे सन्मान झाला, आणि तुलेतील द्रव्य दानधर्मासाठी गेले. वडीलधाऱ्यांचा गौरव आणि समाजाचे हित एकाच पारड्यात असावे, हा संस्कार त्यातून मिळतो.

आज या सोहळ्याचे स्वरूप पालटले आहे. कार्यालय ठरते, केटरर येतो, चित्रीकरण होते. उत्सवमूर्ती मात्र तीन-चार तास खुर्चीत अवघडून बसलेली असते. शेकडो माणसे वाकून नमस्कार करतात, छायाचित्र काढून भोजनाकडे वळतात. ‘आजी, काही सांगा ना,’ असे म्हणणारा क्वचितच भेटतो.

सांगण्यासारखे त्यांच्यापाशी किती आहे! त्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. खरा जन्म कोणत्या तिथीचा, कोणत्या सणाच्या आगेमागे झाला, हे त्यांनी आपल्या आईकडून ऐकलेले असते. आज एक्याऐंशीत असलेल्या पुणेकर आजीने १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर शाळकरी वयात पाहिला आहे. कराड-पाटणकडच्या आजोबांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन लेकरे जगवणारी माता आज कुणाची तरी पणजी आहे. त्या संकटांत शेजारी कसा धावून आला, एका भाकरीचे किती वाटे झाले, हे नातवंडांना कोणते पाठ्यपुस्तक सांगणार?

ज्येष्ठांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. सज्ञान नातवंडांनाही त्याने उत्तरदायी धरले. कायदा निर्वाहभत्ता मिळवून देईल. संध्याकाळी शेजारी येऊन बसणारे माणूस तो देऊ शकणार नाही. ते घरानेच द्यायचे असते.

म्हणून सोहळा अवश्य करावा. परंतु तो कसा हवा, हे प्रथम आजी-आजोबांना विचारावे. विधी त्यांच्या प्रकृतीस झेपेल एवढेच असावेत. पुस्तकांची तुला करून ती एखाद्या गरजू शाळेला द्यावी आणि ती नातवंडांच्या हातून द्यावी. त्या दिवशी आजींना, आजोबांना बोलते करावे, सर्वांनी ऐकावे आणि एखाद्या नातवाने ते वहीत उतरवून घ्यावे. दूरदेशी असलेल्या मुलांनी एका दिवसाच्या विमान तिकिटाबरोबरच वर्षभराच्या नियमित दूरध्वनीचाही संकल्प सोडावा.

सहस्रावी पौर्णिमा थाटात साजरी होते. मांडव उतरतो, पाहुणे परततात आणि महिन्याभराने एक हजार एकावी पौर्णिमा येते. त्या रात्री आजोबांपाशी अंगणात वा गच्चीवर कोण बसणार आहे, हे प्रत्येक कुटुंबाने निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी ठरवावे.