चित्र गर्भाचं, यंत्र कारखान्याचं



भोसरी एमआयडीसीतल्या फोर्जिंगवाल्याला गर्भचित्रांच्या परिषदेचा स्वागताध्यक्ष का केलं, असं काहींना वाटेल. जेवणाचा खर्च, हे कारण उघडच आहे. पण तुम्हा डॉक्टरांच्या सोनोग्राफीशी आमचं जुनं नातंही आहे.

1955 च्या जुलैमध्ये ग्लासगोचे प्रा. इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्र्यूच्या बॉयलर कारखान्यात गेले. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र होतं. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. मग टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरने रुग्णांसाठी यंत्र बांधलं आणि 1958 मध्ये 'लॅन्सेट'ने पोटातल्या बाळाच्या डोक्याचं चित्र छापलं. त्याआधी, 1799 मध्ये, जर्मनीच्या सोमरिंगने लहानापासून मोठ्यापर्यंत गर्भ ओळीने मांडून देखणी चित्रं काढली होती. ते सगळे मृत. जिवंत बाळाची हालचाल दाखवली ती आमच्या खात्यातल्या यंत्राच्या वंशजाने. आजही चाकणच्या शॉपवर पोरं जॉबला तेल लावून प्रोब फिरवतात. तुम्ही जेल लावता.

पाहण्याची ओढ मात्र फार जुनी. सुश्रुतसंहितेत दुसऱ्या महिन्यातला गर्भ पिंडासारखा असेल तर मुलगा, पेशीसारखा असेल तर मुलगी, असं म्हटलंय. म्हणजे चित्र नव्हतं तेव्हाही प्रश्न हाच!

आमच्याकडे भेग दिसली की जॉब रिजेक्ट. तुमच्या पडद्यावर मुलगी दिसली, तेव्हा काहींनी तिलाही तोच शिक्का मारला. त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राने 1994 मध्ये. तरीही शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. तेव्हा या कायद्याखाली भरायच्या फॉर्म एफची कटकट तुम्ही सांगता, ती मी ऐकून घेतो, पण मला दया येत नाही. आम्हीसुद्धा एकेका जॉबचा इन्स्पेक्शन रिपोर्ट भरतो, आणि तो तर लोखंडाचा असतो.

उद्या सकाळी चाकणच्या एका कारखान्यात धातूचं अल्ट्रासाउंड टेस्टिंग पाहायची सोय केली आहे. बस साडेसातला सभागृहासमोरून सुटेल. चाकण चौकातल्या ट्रॅफिकची कीर्ती तुमच्यापर्यंत पोचली असेलच, त्यामुळे कुणासाठी थांबता येणार नाही. नावं नोंदणीच्या टेबलावर द्या.