प्रयोगाचा खर्च कोणाच्या खाती?

(अहिल्यानगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘भविष्यातील शस्त्रास्त्रे’ हा विषय आपण मला दिलात, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला विमानांतले आणि क्षेपणास्त्रांतले काय कळणार? पण शस्त्राला माऱ्याची बाजू असते तशी खर्चाचीही असते. माऱ्याविषयी तज्ज्ञांनी बोलावे. खर्चाविषयी बोलण्याचा अधिकार मात्र तो खर्च सोसणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आपले नगर या व्यवहारात नवखे नाही. १५४९ साली, निजामशाहीच्या काळात, याच शहरात मुलूख-मैदान तोफ ओतली गेली. सुमारे ५५ टनांची ही तोफ म्हणजे त्या युगाचे भविष्यातील शस्त्रच होते. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे आणि निजामशाही १६३६ सालीच संपली. तोफ राहिली, राज्य राहिले नाही. शस्त्राच्या थोरवीवर राज्याचे आयुष्य ठरत नसते, एवढा बोध येथून घेऊन पुढे जाऊ.

आजचे प्रयोग पाहा. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, जिला आपण सारे व्हीआरडीई म्हणून ओळखतो, ती आपल्याच शहराजवळ आहे. लष्करी वाहने हे तिचे मुख्य क्षेत्र. तथापि ‘निशांत’ या मानवरहित टेहळणी विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन घडवण्यात तिचा मोठा वाटा होता. या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नसतो, त्रिकोणी चक्र लंबगोल कोठीत फिरत राहते. त्यामुळे वजनाच्या मानाने शक्ती अधिक मिळते, आणि लहान विमानाला नेमके तेच हवे असते. बंगळूरच्या वैमानिकी प्रयोगशाळांच्या सहकार्याने तयार झालेले हे इंजिन बसवून ‘निशांत’ने २००९ मध्ये कोलारजवळ उड्डाण केले. पुढे सैन्याला चार विमाने मिळाली. २०१५ सालच्या अखेरीपर्यंत ती चारही कोसळली आणि सैन्याने ती योजना गुंडाळली.

यावर उपहास करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. संशोधन म्हटले की अपयश आलेच. परक्या देशाचे तयार शस्त्र विकत घेणारा कधी चुकत नाही, कारण तो काही शिकतही नाही. सार्वजनिक संस्थेत मिळवलेले ज्ञान ही राष्ट्राची ठेव आहे, आणि ती जपलीच पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. प्रयोगशाळेतल्या अपयशाचा खर्च सरकार सोसते. प्रयोगशाळेबाहेरचा खर्च कोण सोसतो?

त्यासाठी आपल्याला के. के. रेंजवर, म्हणजे खारे कर्जुन्याच्या माळावर जावे लागेल. २२ सप्टेंबर २०२० रोजी तेथे ‘अर्जुन’ रणगाड्यावरून लेसरच्या साहाय्याने लक्ष्य शोधणारे क्षेपणास्त्र डागण्यात आले आणि त्याने ३ किलोमीटरवरचे लक्ष्य अचूक टिपले. पुण्याच्या प्रयोगशाळांचे ते काम अभिमानास्पदच आहे. पण त्याच माळाच्या अवतीभवती नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतील २३ गावे आहेत. १९८० साली त्यांची सुमारे २५ हजार हेक्टर जमीन सरावाचे क्षेत्र म्हणून अधिसूचित झाली, आणि पुढे त्या अधिसूचनेची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. आधार कोणता, तर १९३८ सालचा, म्हणजे परकीय राजवटीतला कायदा! ही जमीन कायमची संपादन होणार, ही धास्ती तेथे एका पिढीकडून दुसरीकडे आली आहे. २०२० साली तिने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा गाऱ्हाणे थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत न्यावे लागले.

साथींनो, या धास्तीची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. जी जमीन उद्या आपली राहील की नाही याचा भरवसा नाही, तिच्यात विहीर कोण खोदणार? फळबाग कोण लावणार? सातबारा शेतकऱ्याच्या नावावर असतो, पण त्यावरचा विश्वास मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर असतो. आणि राहुरी तालुक्याने तर मुळा धरणासाठी जमीन दिली, कृषी विद्यापीठासाठीही दिली. त्याग किती वेळा मागावा, आणि तो त्याच माणसाकडून का मागावा?

याहून दारुण गोष्ट भंगाराची. माळावर पडलेले धातूचे तुकडे वेचून विकणारी माणसे न फुटलेल्या गोळ्याने दगावल्याच्या बातम्या या जिल्ह्याने अनेकदा वाचल्या आहेत. त्यांना बेकायदा घुसलेले म्हणणे सोपे आहे. पण ३ किलोमीटरवरचे लक्ष्य अचूक टिपणारे शास्त्र आणि चार पैशांच्या तुकड्यासाठी जीव धोक्यात घालणारे दारिद्र्य एकाच माळावर नांदते, हा आपल्या नियोजनाचा ताळेबंद आहे.

२०२५–२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवण्यात आले, आणि त्यातले सुमारे २६,८०० कोटी संशोधन संघटनेला. मे २०२५ मधील संघर्षात दोन्ही बाजूंनी मानवरहित विमाने वापरली गेली, त्यामुळे हा खर्च वाढतच जाणार. देशाला संरक्षण नको, असे आपण म्हणत नाही. आपले म्हणणे एवढेच, की ज्या गावाच्या डोक्यावरून प्रयोग जातात, ते गाव त्या खर्चात धरले जावे.

म्हणून तीन मागण्या. सरावक्षेत्रातील जमिनीचा एकदाच निकाल लावा: लागत नसेल ती मुक्त करा, लागत असेल तिचे पूर्ण मोल आणि पर्यायी जमीन द्या. प्रत्येक सरावानंतर न फुटलेले गोळे शोधून नष्ट करण्याचे काम आणि त्याचा खर्च प्रयोगाच्याच खाती मांडा. आणि सार्वजनिक पैशातून घडलेले इंजिनविषयक ज्ञान, गुप्ततेला बाध न आणता, शेतीच्या यंत्रांसाठीही खुले करा.

हे केवळ ठरावांनी होणार नाही. त्या २३ गावांत घरोघर जाऊन नुकसानीची वही आपणच लिहायला हवी: किती दिवस शेत सोडावे लागले, किती पीक गेले, कायद्यातली भरपाई किती जणांच्या हाती पडली. सरकारच्या वहीत जे पान कोरे आहे, ते भरण्यापासून आपल्या कामाला आरंभ होऊ द्या.