पटावर तज्ज्ञांना काय दिसतं?



जुलै 2025. जॉर्जियातलं बातुमी शहर. नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला.

असे खेळाडू विचार कसा करतात? विठ्ठलवाडीत पट मांडून बसणाऱ्या मुलांनो, तुम्हीही ऐका.

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी खेळाडूंपुढे एक डाव मांडला. मनातला विचार मोठ्यानं बोलायला सांगितला. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार पुढचं मोजत नव्हते. पण चांगली चाल त्यांना लवकर दिसत होती.

1973 साली अमेरिकेत चेस आणि सायमन या संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती मास्टर खेळाडूनं काही सेकंदच पाहिली. मग ती आठवून बरीचशी अचूक मांडली.

मग मोहरे कसेही विखुरले.
आता मास्टरही नवशिक्यासारखाच अडला.

म्हणजे कमाल नुसत्या स्मरणशक्तीची नव्हती. ओळखीची होती.

किल्लेकोटातला राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी. नवशिक्याला पाच मोहरे दिसतात. तज्ज्ञाला एकच रचना दिसते.

पुन्हा सांगते, तज्ज्ञ आधी रचना ओळखतात. मग मोजक्याच चाली तपासतात. समोरच्याचं सर्वांत कडक उत्तरही शोधतात.

तेव्हा मुलांनो, आजचा डाव लिहून ठेवा. उद्या तो पुन्हा मांडून पाहा.